वारसाच्या रकान्यात

माझ्या भावाला बोलायचा कंटाळा आहे. चाळीत पत्ते खेळताना त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो, पण घरच्या माणसाला काही सांगायची वेळ आली की त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. आई गेली तेव्हा तो लहान होता, वडीलही नंतर फार टिकले नाहीत, आणि त्याला मी वाढवला. त्या कुलपात थोडा माझाही हात असणार, कारण घरात दोघांच्या वाटचं मी एकटीच बोलायची.

मी बोईसरजवळ नवापूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता, आणि भाऊ रंगाच्या कारखान्यात लागला. पहिला पगार झाला त्या आठवड्यात मी त्याला घेऊन बोईसरच्या बँकेत गेले आणि दोघांच्या नावानं खातं उघडलं. वरती त्याचं नाव, खाली माझं. तो रोज हातापायांना पिवळा, निळा रंग घेऊन घरी यायचा, आणि मी पासबुकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून ते पेटीत ठेवायची. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, ती वेगळी कथा आहे आणि ती काही फार रंजक नाही. पण सरकारदरबारी, रेशनकार्डावर, कुठेही माझं नाव दुसऱ्या माणसाच्या नावाला लागून असेल तर ते त्या पासबुकावर होतं. मी ते कधी कोणाला बोलून दाखवलं नसेल, पण अधूनमधून पासबुक उगीच उघडून बघायची.

भावाचं लग्न झालं. मुलगी घाटावरची. तिचे वडील कामधंद्यासाठी इकडे येऊन परत गेले होते, तेव्हाच्या ओळखीतून स्थळ आलं. लग्नानंतर भाऊ बोईसरला चाळीत राहायला गेला आणि मी नवापूरलाच एका मासेवालीच्या घरी खोली घेऊन राहिले. पासबुक मी आपणहून भावजयीच्या हातात दिलं. त्याच्यावरचं माझं नाव मात्र तसंच राहिलं, आणि ते राहिलं म्हणून मला बरं वाटायचं.

मासेवाली माझ्याहून थोडी मोठी, अंगानं दणकट, बोलायला त्याहून दणकट. पाटी घेऊन सकाळच्या गाडीनं ती बोईसरला जायची. भावजयीला मासे घेता येत नाहीत, बाजारात तिला कोणीही गंडवतं, म्हणून मीच हिला तिच्या दाराशी लावून दिली होती. घाटावरच्या मुलीला मांदेली साफ करायला हिनंच शिकवलं.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत भाऊ सायकलवरून शाळेत आला. मुलं सुरूच्या झाडाखाली डबे खात होती. हा सायकल स्टँडवर लावेना, हँडल धरूनच उभा.

"ताई, बँकेत तुझी सही लागेल. नाव काढायचंय."

"कोणाचं?"

"तुझं," असं म्हणून त्यानं सायकलची घंटी अंगठ्यानं पुसली.

आता खरं सांगायचं तर कारण मला माहीत होतं, आणि ते पटण्यासारखं होतं. त्यांच्या शेजारच्या खोलीतला एक जण कारखान्यात भाजून गेला होता. त्याच्या खात्यावर गावाकडच्या भावाचं नाव होतं, बायकोचं नव्हतं. ती बाई पोरं घेऊन बँकेत चकरा मारत होती आणि तो गावचा भाऊ पत्रालाही उत्तर देत नव्हता. भावजय तेव्हा पोटुशी होती. हे सगळं रोज भिंतीपलीकडून ऐकून तिच्या जिवाचं काय होत असेल, ते कळायला फार हुशारी लागत नाही. मी तिच्या जागी असते तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच नाव बदलून घेतलं असतं. पण कारण पटलं म्हणून राग येत नाही थोडाच. उलट, पटलेल्या गोष्टीचा राग आला की तो बोलूनही दाखवता येत नाही. मी भावाला म्हटलं, "येईन शनिवारी. आता जा, घंटा व्हायचीय."

पण शनिवारच्या आत भावजय बाळंत झाली, मुलगी झाली, आणि सही पुढे गेली. मला वाटलं, आता या आनंदात राहील तो विषय. बाळ बघून आले, अंगडं-टोपडं देऊन आले. पुढच्याच आठवड्यात भावाचा निरोप आला, शनिवारी बँकेत ये.

बँकेतल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "बाई, वाचून सही करा."

मी म्हटलं, "भावाच्या कागदावर काय वाचायचं?" आणि सही ठोकून दिली. साहेबांना ते कौतुकाचं वाटलं. मला मात्र पालघरची कचेरी आठवत होती. वडील गेल्यावर पाम गावाजवळच्या आमच्या भातशेतीचं हक्कसोडपत्र मी तिथे असंच न वाचता सही करून दिलं होतं. आमच्याकडे बहीण सही करते, ती वाचत नाही. वाचलं तर भावावर विश्वास नाही असा अर्थ होतो. सही झाली की घरातला मोठा माणूस तिला कापडवाल्याकडे नेतो, साडी घेऊन देतो, गोडाधोडाचं खाऊ घालतो. मलाही चुलत्यांनी तेव्हा हिरवी साडी घेऊन दिली होती. ती मी पुष्कळ वापरली. तेव्हा मला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं, कारण जमीन भावाला जाणार होती आणि भाऊ माझा होता.

बँकेबाहेर आलो. भावानं सायकलच्या हँडलला लटकवलेली पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"हे घे. तिनं दिलंय."

पिशवीत साडी होती. डाळिंबी रंगाची, बारीक जरीकाठाची, चांगली भारीपैकी. माझी कानशिलं तापली. म्हणजे हिनं पण हिशोब केला म्हणायचा! सही घेतली, साडी दिली, ताईंचं आटोपलं. मी भावाच्या तोंडाकडे बघत राहिले, हा काहीतरी बोलेल म्हणून. तो म्हणाला, "उशीर होतोय, सेकंड शिफ्ट आहे," आणि सायकलवर टांग टाकून गेला.

एसटीत पिशवी मी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली. नवापूरला उतरेपर्यंत मनातल्या मनात भावजयीला मी जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी पोचले तेव्हा मासेवाली ओट्यावर पाटी धूत होती. मी पिशवी तिच्यापुढे ठेवली.

"घ्या, तुम्हाला."

तिनं हात पुसून साडी उलगडली. "बाय, ही तं कोरी हाय. लय म्हागाची हाय. मना कशाला?"

"मला तो रंग नाही आवडत."

"तुला नाय आवडत तं ठेव, कोनाच्या लग्नात दे."

"घ्यायची तर घ्या, नाहीतर जाते टाकून."

तिनं माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं आणि घेतली. चांगली वस्तू कोणी रागानं दिली म्हणून ती सोडणाऱ्यांतली नव्हती. ही बाई आठवड्यातून दोनदा माझ्या भावजयीच्या दाराशी जाते, हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मला वाटतं सुचलं होतं. ती साडी मासळीच्या पाटीखाली नेसलेली तिनं बघावी, असंच कुठेतरी मला हवं होतं. हे लिहितानाही मान खाली जाते.

राग एवढ्यावर भागला असता तरी चाललं असतं. पण माझा पगार पालघरच्या बँकेत जमा व्हायचा, आणि तिथे खात्याला वारस नोंदवायची सोय नुकतीच सुरू झाली होती. सोय आली तशी मी लगेच फॉर्म भरला होता. वारस, भाऊ. तो भरताना मला कसलाही विचार करावा लागला नव्हता. आता मी रजा टाकून पालघरला गेले आणि खिडकीवरच्या क्लार्कला म्हटलं, वारसाचं नाव काढायचंय.

तो तरुण होता, सभ्य होता. त्यानं खात्याचं कार्ड काढलं, रद्द करायचा फॉर्म दिला, माझी सही घेतली. मग नवा फॉर्म ओढून पेन उघडलं.

"हं, बाई. नवीन नाव सांगा."

मी तोंड उघडलं आणि तोंडात काही आलंच नाही. म्हणजे इतके दिवस भावाचं नाव काढायचं काढायचं हेच डोक्यात होतं, आणि त्याच्या जागी कोणीतरी लागतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो पेन धरून थांबला. मी आठवायला लागले. चुलते गेले होते. चुलतभावांशी लग्नकार्यापुरता संबंध. शाळेतल्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांना काय सांगणार, मी मेले की माझे पैसे घ्या? मासेवालीचं नावसुद्धा मनात येऊन गेलं, आणि लक्षात आलं की तिचं पूर्ण नाव मला माहीत नाही. मी सगळ्या शाळेची हजेरी न बघता म्हणू शकत असे. त्या खिडकीपुढे मला एक नाव सांगता येईना.

"नवरा? मुलं?" क्लार्कनं मदत म्हणून विचारलं.

"नाहीत."

"मग भाऊ वगैरे…" असं म्हणता म्हणता त्याची नजर आत्ताच रद्द केलेल्या फॉर्मवर गेली आणि त्यानं तो उलटा करून ठेवला. मागे रांगेत लोक होते. त्यांत आमच्या तालुक्यातले दोन मास्तर होते, आणि त्यांनी ऐकलं नसेल असं समजायला मी काही खुळी नव्हते.

"रिकामं ठेवा," मी म्हटलं.

"रिकामं ठेवता येतं, बाई. पण तुमच्या मागे मग…"

"माझ्या मागे रांग आहे. आटपा."

त्यानं कार्डावर भावाच्या नावावर आडवी रेघ मारली आणि बाजूला शिक्का मारला. मी बाहेर येऊन स्टँडवर बसले. नवापूरची गाडी लागली, सुटली, आणि मी बसूनच राहिले. मला लाज कशाची वाटत होती ते नीट सांगता येत नाही. कोणी मला नाकारलं याची नव्हती. आपल्यापाशी कोणी नाही हे मी चारचौघांत स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, त्याची होती.

बारशाला गेले ती घरातलीच एक धुतलेली साडी नेसून. जाणार नव्हते, पण आत्याशिवाय बारसं होत नाही, आणि एवढं तोंडावर वाईट वागायची माझी हिंमत नव्हती. चाळीतल्या खोलीत पाळणा टांगला होता, शेजारच्या हिंदीवाल्या बायकाही नटून आल्या होत्या. भावजयीची आई घाटावरून आलेली, मोठी मोकळी बाई. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आत्याबाई, नवी साडी न्हाई नेसला? आमच्याकडं आत्याला आधी साडी पोचवत्यात. ती नेसूनच आत्या पाळण्याला हात लावती. म्हणून तर बाळंतिणीनं पडल्या पडल्या माणूस पाठवून आणवली. रंग बी तिनंच सांगितला."

मी भावाकडे बघितलं. तो चहाचे कप मोजत होता. एक वाक्य! "बारशाला नेसून ये," एवढं एक वाक्य त्याला बँकेबाहेर बोलता आलं असतं तर! पण त्याला कुठे बोलू, मला तरी विचारता आलं असतंच की, ही कशाची साडी म्हणून. मीही तोंड शिवून बसले होते.

मी काही बोलायच्या आत भावजयच म्हणाली, "आई, ब्लाऊज शिवून मिळाला नसेल त्यांना. शाळेतून कुठे वेळ होतो."

"हो ना," मी म्हटलं. "शिंप्याकडेच आहे अजून." खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

मग बाळाला पाळण्यात घातलं. नाव कोणतं ठेवायचं ते भावजयीनं माझ्यावर सोडलं होतं. मी वाकून तिच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत गुद्दे घातले. घाटावरच्या बाईंचा हात चांगला भारी होता. मला ते गुद्दे त्या दिवशी कमीच पडले.

पेढे वाटून झाल्यावर भावजयीनं फळीवरून एक कागद काढला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. बँकेचा वारसाचा फॉर्म होता. खातं आता तिच्या आणि भावाच्या नावावर झालं होतं आणि वारस म्हणून मुलीला लावायचं होतं. मुलीला अजून नावच नव्हतं, म्हणून तो रकाना मोकळा होता. त्याच्याखाली, वारस अज्ञान, म्हणजे वयानं लहान असेल तर त्याच्या वतीनं पैसे घेणारी व्यक्ती, तिथे माझं पूर्ण नाव, वय, नवापूरचा पत्ता. अक्षर भावजयीचं, वळणदार आणि जपून काढलेलं.

"हे काल रात्री बसून लिहिलं," ती म्हणाली. "शेजारचं सगळं डोळ्यांनी बघितलं ना. आम्हा दोघांचं काही बरंवाईट झालं तर हिला कोण? यांना म्हटलं, ताई आहेत. हे म्हणाले, लिही. वरती आता तुम्हीच लिहा, नाव तुम्ही ठेवलंय."

तिनं पेन माझ्या हातात दिलं. पैसे मुलीचे, भरवसा माझ्यावर. मी मुलीचं नाव लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या घरातला एक कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पालघरच्या त्या कार्डावरची आडवी रेघ सारखी डोळ्यांपुढे येत होती. मी सांगायला हवं होतं. मी पेढा खाल्ला.

नवापूरला परत आले ती तडक मासेवालीकडे. ठरवलं होतं, हिला दुसरी साडी घेऊन द्यायची आणि ती परत मागायची. मागायलाही शरम वाटत होती, पण त्याला इलाज नव्हता. मासेवाली चुलीपुढे बसली होती आणि अंगावर तीच साडी होती, गुडघ्यापर्यंत कासोटा मारून. काठाला माशाचं पाणी लागलेलं. तरी मी मागितली.

"बाय, ती साडी आता कशी देऊ? नेसली की मी," ती म्हणाली. "आनी तुजे भावजयला पन लय आवडली. मंगळवारी दारात गेलू तं मना इचारते, साडी कुठं घेतली? मी सांगलं, बायनी दिली. हात लावून बगितला तिनी. बोलली, तुमाला शोभते."

"आणखी काय म्हणाली?"

"काय नाय. बोंबील घेतले तिनी. त्या दिशी भाव पन नाय केला."

मी ओट्यावरच बसले. मंगळवारी तिनं साडी बघितली होती. फॉर्मवर माझं नाव लिहिलं ते काल रात्री. आणि आज सगळ्या बायकांसमोर मी उघडी पडायच्या आत, ब्लाऊज शिवून मिळाला नसेल म्हणाली ती. मी तिला मनात काय काय बोलले होते, तिनं मला मनातसुद्धा काही म्हटलं होतं की नाही कोण जाणे. मासेवाली मला जेव म्हणत होती.

पुढच्या सोमवारी पुन्हा पालघर. खिडकीवर तोच क्लार्क. त्यानं मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

"वारस नोंदवायचाय," मी म्हटलं आणि भावजयीचं पूर्ण नाव सांगितलं. ते मी घरून पाठ करून आले होते, कारण तिचं पूर्ण नाव उच्चारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

"नातं?"

"भावजय."

त्याचं पेन थांबलं. "भाऊ आहेत ना तुमचे? त्यांचं नको?"

"भावजयच लिहा."

त्यानं लिहिलं. त्यानंतर मी पोस्टात खातं काढलं, पुढे सगळे घेत होते म्हणून युनिट ट्रस्टची थोडी युनिटं घेतली, निवृत्तीचे कागद झाले. प्रत्येक ठिकाणी वारसाच्या रकान्यात तेच नाव आहे. भाची आता मोठी झाली. ती म्हणते, आत्या, माझं नाव लाव की. मी म्हणते, तुझ्या आईचं आहे तेच राहू दे.

भावजयीला या नोंदींतलं काही ठाऊक नाही, भाचीला मी तशी शपथ घातली आहे. ती अजून सणाला मला साडी घेते, आणि मी ती लगेच, तिच्या समोरच नेसते. डाळिंबी रंग मात्र तिनं पुन्हा कधी घेतला नाही. कितीदा वाटलं, जेवण झाल्यावर ती भांडी आवरत असताना मागून जाऊन सांगून टाकावं, त्या साडीबद्दल माफ कर म्हणून. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोलते. मी गेले की बँकवाले तिला बोलावतील, तिथे तिला कळेल. तेव्हा तिच्याकडे बघायला मी तिथे नसेन, आणि मला ते बरं वाटतं, एवढी मी भित्री आहे.